पराते सरांची उलटी खुर्ची

आमच्या भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही. तलाव आहेत, गावोगावी बोड्या म्हणजे लहान तळी आहेत, वैनगंगा आहे. पण समुद्र पाहायचा तर वरठीला जाऊन रेल्वेत बसावं लागतं आणि रात्र काढावी लागते. मग पराते सर 'दीपस्तंभ' कुठून झाले?

शाळेत त्यांची शोकसभा होती. पहिले वक्ते उठले, खिशातून मोबाईल काढला आणि वाचू लागले, "पराते सर म्हणजे ज्ञानाचा तेवता दीपस्तंभ." दुसरे उठले. त्यांच्याही मोबाईलमध्ये दीपस्तंभ. तिसऱ्या बाईंनी "सर केवळ शिक्षक नव्हते, तर एक चालतंबोलतं विद्यापीठ होते" अशी सुरुवात केली तेव्हा मला जरा बरं वाटलं. पुढच्याच वाक्यात दीपस्तंभ आला. ही तिन्ही माणसं सरांच्या हाताखाली शिकलेली. तिघांनीही सरांची बोलणी खाल्लेली आणि सरांच्या अंगणात बसून पोपटीच्या शेंगाही खाल्लेल्या. पण आपली स्वतःची म्हणून एक आठवण एकालाही काढता आली नाही. काढता आली नाही, की काढायचा कंटाळा केला? या दोन गोष्टींत आता फरकच उरलेला नाही, आणि माझा राग तिथंच आहे. माणूस मेल्यावर त्याला आठवायचं कामसुद्धा आपण मोबाईलमधल्या मशीनकडून करून घेणार असू, तर रडायलाही एखादं मशीन बसवा. आपण घरी जाऊन झोपू.

मला त्या सभेत कोणी बोलायला बोलावलं नाही. बरं केलं. मी पत्रकं लिहिणारी बाई, सभेत बोलले असते तर सभा राहिली नसती. म्हणून हे लिहिते आहे.

पत्रक लिहायला मला सरांनीच शिकवलं. त्यांची एक परीक्षा होती. मी लिहून आणलेलं वाक्य ते मोठ्यानं वाचायचे आणि त्यात भलत्याच गावाचं नाव घालायचे. आमच्या गावाऐवजी पवनी, पवनीऐवजी पुणे. वाक्य तरीही चाललं, की म्हणायचे, "पाह्य, चालते. म्हंजे हे वाक्य कोनाचंच नाही. काट." अशी माझी पानंच्या पानं त्यांनी काटून टाकली. आता त्या दीपस्तंभात कोणाचंही नाव घालून पाहा. चालतं.

सर मूळचे मोहाडीचे, विणकराच्या घरचे. घरातला माग वडिलांबरोबर थांबला, पण सरांच्या बोटांतून काही तो गेला नाही. खांद्यावर कायम एक सुती दुपट्टा असायचा. कोणी काही विचारलं की ते "थांब" म्हणायचे, दुपट्ट्याच्या काठातून एक धागा ओढून काढायचे आणि तो अंगठा आणि बोटामध्ये वळत गप्प बसायचे. ते गप्प बसणं साधं नसायचं. नवा माणूस घाबरून जायचा. म्हातारबाबाला ऐकू आलं नाही असं वाटून प्रश्न पुन्हा ओरडून सांगायचा. सर मान वर न करता म्हणायचे, "आयकलं मी. इचार करून राहिलो. तू बी कर, पैसे नाही लागत." म्हणून सरांचा कोणताही दुपट्टा काठाला कायम उसवलेला. सरांच्या घरच्या बाई वैतागायच्या. दुसऱ्याचे दुपट्टे उन्हानं फाटतात, यांचे प्रश्नांनी फाटतात, असं त्या म्हणायच्या.

नाकाडोंगरीच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथल्या शाळेत सर भूगोल शिकवायचे. दोन पोरांचं उत्तर सारखंच चुकलेलं आलं की दोघांनाही उभं करायचे. "चूक तुही हाय का शेजाऱ्याची?" चूक ज्याची स्वतःची असेल त्याला अर्धा गुण. शेजाऱ्याची असेल त्याला भोपळा. पालक तक्रार घेऊन यायचे, चुकीला गुण कसे देता म्हणून. सर म्हणायचे, "त्याची चूक हाय नं? मंग ती त्याले सुधारता येते. उधारीची चूक कोन सुधारन?"

बोडीचं पाणी कुठं जातं, हा त्यांचा एक धडा होता. गावाच्या वरच्या अंगाला आमची बोडी आहे. पावसाळ्यात ती भरून सांडली की सर वर्गच्या वर्ग तिच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, न्यायचे. पळसाच्या पानाचा एक द्रोण करायचे आणि सांडव्यावर पाण्यात सोडायचे. "जा, पाहून या." पोरं द्रोणामागं धावत सुटायची. बांधावरून, चिखलातून, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या खाचरांमधून. परत आल्यावर फळ्यावर नकाशा काढायचा, तोही पुस्तकात न पाहता. आमच्या गावची सुशीलाबाई आज नातवाची आजी आहे, पण ती शाळेत होती त्या वर्षी तो द्रोण तिच्याच बापाच्या बांधीत येऊन अडकला होता, हे ती अजून अभिमानानं सांगते. सरांचे सगळे विद्यार्थी मोठे झाले, पांगले. कोणी चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत लागले, कोणी वरठीला पोलादाच्या कारखान्यात. पण बोडीचं पाणी कुठं जातं, ते आमच्या गावात कोणालाही झोपेतून उठवून विचारा. विचारा म्हणजे, बोडीवर संकट आलं तेव्हा विचारायला हवं होतं.

आता खुर्चीबद्दल.

सर निवृत्त झाले आणि आम्ही काही जणांनी गावाच्या प्रश्नांवर भांडायला समिती केली. सरांनी एकच अट घातली. कोणतंही पत्रक छापायच्या आधी लिहिणाऱ्यानं त्यांच्या अंगणात यायचं. तिथं लोखंडी पट्ट्यांची एक खुर्ची होती. सर ती उलटी फिरवायचे आणि आपल्याकडं पाठ करून बसायचे. पाठ फिरली की ते सर राहायचे नाहीत. ते ठेकेदार व्हायचे, तहसीलदार व्हायचे, सरपंच व्हायचे. त्यांना हरवलं तर पत्रक छापायचं, नाहीतर घरी जायचं. पाठ का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुह्या तोंडाकडं पायलं तं मले दया येते. ठेकेदाराले येनार हाय का?"

माझं पहिलं पत्रक मॅंगनीजच्या ट्रकांवर होतं. गावातून उघडे ट्रक जायचे, घराघरात काळी धूळ. मी लिहिलं होतं, 'ट्रकमाफियांनो, चालते व्हा!' मला ते फार आवडलं होतं. सरांनी खुर्ची फिरवली. ट्रकमालक झाले. आवाजसुद्धा पान खाल्ल्यासारखा केला.

"होतो नं चालता, मॅडम. तुमचा सख्खा मामा माह्या ट्रकवर डायवर हाय. त्याले बी संग घेऊन जाऊ?"

मी हातातला कागद उलटसुलट केला.

"बोला नं. भाषन चांगलं लिवता तुमी."

"मामाचा प्रश्न वेगळा आहे," मी म्हटलं.

"काहून येगळा? त्याची धूळ येगळी पडते का?"

मला रडू यायचं राहिलं होतं. पाठ काही हलली नाही. मग सरांच्या आवाजात पाठ म्हणाली, "जाय. मामाले इचारून ये."

मी मामाकडं गेले. मामा म्हणाला, ट्रक बंद करू नका बाप्पा, पण मालावर ताडपत्री टाकायला लावा. ती धूळ गावाच्या आधी आमच्याच छातीत जाते, आणि ताडपत्री बांधायला वेळ लागतो म्हणून मालक बांधू देत नाहीत. आमच्या पत्रकाची मागणी बदलली. गावकऱ्यांच्या सह्यांखाली ड्रायव्हरांच्या सह्या आल्या. आज आमच्या गावातून ट्रक झाकून जातात. माझ्या 'चालते व्हा'नं हे झालं नसतं. एका पाठीनं मला मामाकडं हाकललं म्हणून झालं.

हे सगळं मी सांगते आहे ते सरांची आरती ओवाळायला नाही. आता जे सांगायचं आहे ते शोकसभेत कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

बाई गेल्या. मुलगा पुण्यात. त्यानं सरांना नवा मोबाईल आणून दिला आणि त्यात ते विचारलं की उत्तर देणारं मशीन घालून दिलं. सुरुवातीला सर त्याची टिंगल करायचे. त्याला 'पाहुणा' म्हणायचे. "पाहुन्याले कायबी वाढा, भाजी खारट झाली म्हनत नाही. म्या सांगितलं का भंडाऱ्यात समुद्र हाय, तं माफी मांगून समुद्र काढून देते!" आम्ही हसायचो. मग हळूहळू टिंगल कमी झाली. मग एक दिवस मी काही विचारलं आणि सर "थांब" म्हणाले नाहीत. "पाहुन्याले इचारू," म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मी तुम्हाला विचारलं."

"अवो पोरी, तो माह्यापेक्षा जास्त जानते. अन् तुमी येता कुठं आता? तो सकाळी बी येते, संध्याकाळी बी येते."

हे खरं होतं. समितीतली पोरंही आता अंगणात येत नव्हती. त्यांनाही पाहुणा भेटला होता. पूर्वी एका पत्रकाला आठवडा लागायचा, आता चहा निवायच्या आत चार पत्रकं तयार व्हायची. सुबक, गुळगुळीत, एकही चूक नाही. आणि चारही पत्रकांत आमच्या गावाऐवजी पुणे घातलं तरी चालायचं. मी भांडले. "तू जुन्या जमान्याची," असं मला माझ्याहून फक्त थोडी लहान असलेली पोरं म्हणाली. म्हणे वेळ वाचतो. वाचलेल्या वेळाचं काय केलं, ते मला एकानंही दाखवलेलं नाही.

त्या काळात मी सरांचा दुपट्टा पाहिला. नवा होता. काठ जिथल्या तिथं. एकही धागा निघालेला नाही. कपाळावर ताप तपासावा तसा मी तो काठ तपासला आणि मला कळलं.

मग एका कंपनीला माल साठवायला यार्ड हवं झालं. जागा आमची बोडी आणि तिच्या वरचं गायरान. बोडी बुजवायची, असा प्रस्ताव. उन्हाळ्यात गावात जनसुनावणी लागली. मांडव घातला, साहेब आले, इस्तरीच्या कपड्यांतला कंपनीचा माणूस आला. बोडी गेली तर खालच्या बांध्या कोरड्या पडणार, इतकी साधी गोष्ट होती. समितीच्या वतीनं सर बोलणार होते. मला वाटलं, बरं झालं. दुसरं कोणी असतं तर धाकधूक होती.

सरांनी छापील कागद काढला. भाषा सुंदर होती. जैवविविधता आली, भूजल आलं, शाश्वत विकास आला. मांडवात लोक माना डोलवत होते, कारण सर बोलत होते. मग ते वाक्य आलं: "सदर बोडीचे अतिरिक्त पाणी नैसर्गिक नाल्याद्वारे थेट नदीस मिळत असून, नदीच्या परिसंस्थेसाठी ते महत्त्वाचे आहे."

बोडीचं पाणी नाल्यात जात नाही. नाला दुसऱ्या अंगाला आहे. बोडीचं पाणी बांध्यांत जातं. हे आख्ख्या गावाला ज्यांनी शिकवलं, ते हे वाक्य वाचत होते आणि त्यांचा आवाजसुद्धा अडखळला नाही.

कंपनीचा माणूस लगेच उठला. "धन्यवाद, गुरुजी. म्हणजे खाली कोणाचीही शेती या पाण्यावर अवलंबून नाही, हे समितीलाच मान्य आहे. साहेब, कृपया नोंद घ्यावी."

साहेबांनी मान खाली घातली आणि नोंद घेतली.

मागून सुशीलाबाई उभी राहिली. ती भांडायला उठली नव्हती, ती खरोखर गोंधळली होती. "गुरुजी, मंग माह्या बांधीत पानी कोनाचं येते जी?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग कागदाकडं पाहिलं. मग "पाहतो" म्हणाले, आणि खिशातून मोबाईल काढला.

मला त्या क्षणी कंपनीचा राग आला नाही. कंपनी कंपनीचं काम करत होती. मशीनचाही आला नाही. त्याला आमची बोडी माहीत असायचं काही कारण नाही, त्यानं इकडची तिकडची वाक्यं जोडून दिली. मला राग आला तो सरांचा. ज्यांच्या पायांना ती वाट माहीत होती, ते ती वाट मोबाईलमध्ये शोधत होते. आणि लोक काय म्हणत होते? "वय झालं गुरुजींचं." वय नव्हतं झालं! तल्लख माणूस होता. वर्तमानपत्रातली चूक चष्म्याशिवाय पकडायचे. ज्या बैलाला जू लावायचं सोडलं त्याच्या खांद्याचं जे होतं, तेच झालं होतं. त्याला वय म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेले. सर ओसरीवर बसले होते. मी नमस्कार केला नाही. खुर्ची ओढली, उलटी फिरवली आणि त्यांच्याकडं पाठ करून बसले.

"मी कंपनी," मी म्हटलं. "बोला, गुरुजी. पानी नाल्यात जाते. तुमीच सांगितलं."

मागून आवाज आला, "ते चुकून आलं वो."

"चूक कोनाची, गुरुजी? तुमची का शेजाऱ्याची?"

मग मोबाईल उचलल्याचा आवाज. मी म्हटलं, "कंपनीकडं तुमच्यापेक्षा महाग मोबाईल हाय. ठेवा तो."

आणि तेव्हा कितीतरी महिन्यांनी मी तो शब्द ऐकला. "थांब."

मी थांबले. पाठ फिरवून बसलं की समोरचा माणूस किती एकटा असतो, ते मला त्या दिवशी कळलं. वळून पाहावंसं वाटत होतं, पण खुर्चीचा नियम सरांचाच होता. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. शेवटी ते बोलले, आणि आवाज सरांचा असला तरी त्यात इतकी भीती मी कधी ऐकली नव्हती.

"येत नाही वो पोरी. पयले धागा धरला का आपोआप निघत जाये. आता धागाच सापडत नाही."

"मंग हरलो म्हना. बुजवतो बोडी."

"थांब म्हनलं नं!" हे मात्र जुने सर ओरडले. मग सांडव्यापासून सुरुवात केली. पहिली बांधी कोणाची, दुसरी कोणाची, पाणी कुठून वळतं. सावकाश, चुकत, मागं येत. एकदा भलत्याच माणसाचं नाव घेतलं आणि स्वतःच स्वतःला बह्याड, येडा, म्हणाले. वडाच्या बांधापर्यंत आले आणि अडले.

"पुढचं आठवत नाही."

"मंग?"

"मंग काय? पाहून या लागन."

त्यानंतर आम्ही हरकत नव्यानं दिली, भांडून स्थळपाहणी मागितली. ती श्रावणात मिळाली, बोडी भरून सांडत असताना. साहेब पाळीवर आले. कंपनीचा माणूस छत्रीत आला. त्याच्या हातात सरांचं ते वाक्य होतं, खाली लाल रेघ मारलेलं. सरांच्या हातात कागद नव्हता, मोबाईलही नव्हता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आणि मुठीत पळसाच्या पानाचा द्रोण.

"साहेब, उनाळ्यात म्या एक वाक्य वाचलं व्हतं," ते म्हणाले. "ते माह्यं नव्हतं. माह्यं हे हाय." आणि द्रोण पाण्यात सोडला. "चाला."

त्या स्थळपाहणीचा निकाल अजून लागलेला नाही. फाईल कुठल्याशा टेबलावर आहे. बोडी आज आहे, उद्याचं मी सांगू शकत नाही. धानाची कापणी सुरू असताना सर गेले, निकाल न पाहता. म्हणून ही लढाई जिंकली असं मी लिहिणार नाही, आणि सर पूर्वीसारखे झाले असंही लिहिणार नाही. झाले नाहीत. पुढंही ते मध्येच अडायचे, मोबाईलकडं हात जायचा, मग हात मागं यायचा. जे गेलं ते सगळं परत येत नाही. पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

पण माझ्याजवळ सर आहेत ते त्या दिवशीचे. द्रोण सांडव्यावरून उडी मारून खाली गेला आणि नाल्याकडं ढुंकूनही न पाहता बांध्यांकडं वळला. सर त्याच्या मागं. साहेब पहिल्या बांधापर्यंत आले, चिखल पाहिला, बुटांकडं पाहिलं आणि उभे राहिले. कंपनीचा माणूस त्यांच्या मागं उभा राहिला. सर थांबले नाहीत. वडाचा बांध आला, जिथं ते अडले होते, तो ओलांडला. आमच्याकडं त्यांची पाठ होती, नेहमीसारखी. ओल्या खांद्यावर दुपट्टा, त्याच्या काठातून धागे लोंबत होते. घोट्यांपर्यंत पाण्यात, हिरव्या धानातून तोल सावरत ते चालले होते आणि मागं न वळता ओरडत होते, "आता कोनाची बांधी हाय हे? सांगा वो कोनी! कोनाची हाय?"

आणि खालून, दिसत नव्हती इतक्या लांबून, सुशीलाबाई ओरडली, "माही हाय, गुरुजी! माही!"